सुमेधदादाची बैठक

मोठ्या बाबांचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या कारध्याच्या घरी मेथी निवडत बसले होते. "अंगणातले धानाचे कट्टे बाजूले सारून ठेव बाई," ते म्हणाले. "गाडी आतपर्यंत आणा लागंल." मी "बरं" म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. पहाटे सुमेधदादाला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं होतं, तिथून दुपारच्या आत नागपूरला. भंडाऱ्यापर्यंत मी सोबत होते. पुढे ॲम्ब्युलन्समध्ये दोघांनाच बसता येत होतं, म्हणून त्याचे आईवडील, मोठीआई आणि मोठे बाबा, बसले आणि मी नदीवरचा पूल ओलांडून परत आले. चालत येणाऱ्या माणसासाठी गाडी अंगणात आणावी लागत नाही, एवढं मला कळलं. भरल्या पोत्यांचे ते कट्टे जड होते. दोन मी ओढत नेले, मग शेजारचे लोक आले आणि काही न विचारता बाकीचे उचलू लागले. नंतर मी मेथी धुतली, डब्यात भरली आणि डबा फ्रीजमध्ये ठेवला.

त्याला आता दीडेक महिना होतो आहे. मला अजून रडू आलेलं नाही. आई काळजीनं बघते, आणि मी जेवते, झोपते, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते. सुमेधदादा माझा चुलतभाऊ, माझ्या मोठ्या काकांचा एकुलता एक मुलगा. भंडाऱ्यातून फुटून गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी तो जन्मला. "अर्धा जिल्हा गेला अन् हा आला, हिसाब बराबर," असं मोठे बाबा म्हणायचे. तेव्हा ते जिल्हा परिषदेत शिपाई होते. त्यांना आणि मोठीआईला दोघांनाही रक्तात सिकलसेलचा अर्धा दोष होता, पण आमच्या भागातल्या कितीतरी घरांसारखं त्यांनाही ते माहीत नव्हतं. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलात चारात एक शक्यता असते, की दोन्ही अर्धे एकत्र येतील. दादामध्ये ते आले. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकायच्या, नसांमध्ये अडकायच्या, आणि मग हात, पाय, पाठ, कुठेही असं दुखायचं की लहानपणी तो उशी चावायचा. थंडी चालत नसे, जागरण चालत नसे, रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, चिखलात उभं राहणं तर लांबच. त्या घरात "जेवलास का" याच्या आधी "पानी पेलास का" असं विचारायचे.

सिहोऱ्याचे एक नातेवाईक, त्यांना आम्ही काकाजी म्हणतो, एकदा त्याला समजावत होते. आयुष्य म्हणजे पत्त्यांचा डाव आहे, वाईट पानं आली तरी खेळणं सोडू नये, वगैरे. दादानं सगळं ऐकून घेतलं. "वाईट पानं आले तं टाकून देवा लागते, काकाजी," तो म्हणाला. "हेच तं समजलं पायजे. पण हे टाकता नाही येत." काकाजींना वाटलं, पोरगा मस्करी करतो आहे.

बारावीनंतर त्यानं बरीच कामं धरली. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसला, दाखले काढून देणाऱ्या केंद्रात कॉम्प्युटरवर बसला, एका गोडाऊनमध्ये माल उतरवून घ्यायला राहिला. काम त्याला सगळीकडे जमायचं. पण दर थोड्या दिवसांनी दुखणं यायचं, हजेरी बुडायची, आणि मालक चांगला असला तरी शेवटी दुसरा मुलगा ठेवायचा. मोबाइलच्या दुकानातल्या एका मित्रानं त्याला ऑनलाइन पोकर दाखवला. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, मधे पाच पानं सगळ्यांसाठी उघडतात, आणि ज्याचा मेळ मोठा तो जिंकतो. दिसायला एवढंच. पण हातात आलेली दोन पानं बहुतेक वेळा न खेळता टाकूनच द्यायची असतात, आणि तेच माणसाला जमत नाही. दादाला हे आवडलं. "इथं कोनी हजेरी नाही घेत," तो म्हणाला. "आज दुखलं तं उद्या बसाचं. अन् बसूनच कराचं काम हाय."

याच सुमारास मी कारध्याला अभ्यासाला जायला लागले. भंडाऱ्यात आमचं घर बाजाराला लागून आहे, आणि दादाच्या खोलीत शांतता असायची. पण त्यानं मला बोलावलं ते त्याच्या कामासाठी. पोकर शिकवणारे चांगले व्हिडिओ सगळे इंग्रजीत होते. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेला, आणि मी कॉन्व्हेंटची. इंग्रजी शाळेत गेलेल्या पोरांना आमच्याकडे कॉन्व्हेंटचेच म्हणतात, आणि दादा तर मला त्याच नावानं हाक मारायचा. "ए कॉन्व्हेंट, हा गोरा काय म्हणून रायला सांग." मी हेडफोन लावून ऐकायची आणि हळू आवाजात मराठीत सांगायची. चार लोकांत बोलायची वेळ आली की मी दुसऱ्या कुणाला पुढे करते. पण त्या खोलीत मी तासभर सलग बोलायची आणि ते माझ्या लक्षातही यायचं नाही. हरल्यावर डोकं फिरून माणूस भलतंच खेळत सुटतो, त्याला इंग्रजीत एक शब्द आहे. दादानं त्याला सरळ "सनक" म्हटलं. खेळायला बसण्याला तो "बैठक" म्हणायचा. दुपारचं जेवण झालं की सुरू, दिवे लागायच्या आत बंद. खरे कच्चे खेळाडू रात्री येतात, हे त्यालाही माहीत होतं. पण जागरण झालं की दुसऱ्या दिवशी अंग धरायचं, म्हणून रात्र त्यानं सोडून दिली. दुखत असेल त्या दिवशी बसायचं नाही, हा दुसरा नियम.

नियम त्याला चटकन समजले. पाळणं मात्र जमेना. दादा तापट होता. समोरच्यानं मूर्खासारखं खेळून शेवटच्या पानावर डाव नेला की तो स्क्रीनशी भांडायचा, "काहून बे? काय पाहून आला तू डावात?" आणि मग पुढचे सगळे डाव त्या एका माणसाला धडा शिकवायला खेळायचा. दोन आठवड्यांची कमाई एका दुपारी जायची. मी समोर बसून पाहायची. सनक चढायच्या थोडं आधी तो स्वेटरच्या बाह्या ओढायचा, उन्हाळ्यात स्वेटर नसला तर शर्टाच्या. मग उजवा गुडघा हलायला लागायचा. मग आवाज. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. "तू एवढं पाह्यतं? मंग बोलत काहून नाही?" मी म्हटलं, मला ओरडता येत नाही. त्यावर त्यानं थोडा विचार केला. "बोलता नाही येत तं कूलर बंद करत जाय. मी समजतो."

त्यानंतर त्याच्या बैठकीत माझं काम ठरलं. बाह्या ओढल्या, गुडघा हलला, की मी उठून कूलरचं बटण दाबायची. भंडाऱ्याच्या मे महिन्यात कूलर बंद झाला की माणूस मिनिटभरात भिजतो. "अवं, मारतं का मले!" असं ओरडत तो खुर्ची सोडायचा, अंगणात जाऊन तांब्याभर पाणी पिऊन यायचा आणि चिडून म्हणायचा, "आता कुठं जमून रायलं होतं." मी पुन्हा पुस्तकात बघायची. "तुह्या तोंडावरून काहीच समजत नाही पाह्य," तो म्हणायचा. "तू खेळली असती तं लोकायचे घरं विकले असते." हे माझं आजवरचं सगळ्यात मोठं कौतुक आहे.

मोठीआईला यातलं काहीच पटत नव्हतं. ती दिघोरीची. लहानपणापासून दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत रोवणी केलेली, कमरेत वाकून दिवस काढलेली बाई. तिच्या लेखी काम म्हणजे ज्यात अंग मोडतं ते. दादा खोलीत खेळतो हे कळलं त्या दिवशी तिनं तिथली बुद्धाची मूर्ती उचलून स्वयंपाकघरात नेली. "त्याच्या समोर पत्ते खेळतं, लाज नाही वाटत?" दादा म्हणाला, "मी काय करून रायलो माय, गुमान बसूनच तं रायतो. तो बी बसूनच होता." मोठीआईनं हसू दाबायला तोंडात पदर धरला, पण मूर्ती स्वयंपाकघरातच राहिली. पुढे त्याला खरोखर पैसे मिळायला लागले. एखाद्या दिवशी भरपूर, असं नाही. महिन्यामागून महिना थोडंथोडं उरायला लागलं, तसं. त्यातून त्यानं पहिल्यांदा काही घेतलं तर गीझर, म्हणजे थंडीत आईला चूल पेटवावी लागू नये आणि त्याचेही हातपाय शेकतील. मोठीआई त्या पाण्यानं कधी आंघोळ करायची नाही. "मले नाही लागत जुगाराचं पानी," म्हणत ती परसात चुलीवर आपलं वेगळं पातेलं ठेवायची.

दादा तिच्याशी वाद घालायचा नाही. पण मला म्हणायचा, "कॉन्व्हेंट, जिंकणं सोपं हाय. हिले पटवणं कठीण." त्याला हवं होतं ते इतकंच, की आईनं एकदा म्हणावं, पोरगा काम करतो. त्यासाठी आपल्यात जुगाऱ्याचं काहीच उरायला नको, असं त्यानं ठरवलं होतं. जुगारी आणि कामगार यांत फरक एकच, त्याच्या मते: कामगार वेळ झाली की उठतो, हरला असो की जिंकला असो. आणि कोणी कूलर बंद न करता आपल्याला उठता आलं पाहिजे.

मागच्या पावसाळ्यात सरकारनं पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले. आमच्याकडे रोवणी नुकतीच झाली होती. दादानं ॲप उघडलं, सूचना वाचली, मला वाचायला दिली, आणि म्हणाला, "रोवलं अन् पानीच गेलं." त्या संध्याकाळी मोठीआईनं खीर केली. कशासाठी, ते कोणी विचारलं नाही. दादानं दोन वाट्या खाल्ल्या.

मला वाटलं, आता तो दुसरं काही शोधेल. तो चार दिवस शोधतही होता. मग एके दुपारी जेवण झाल्यावर खुर्चीत बसला आणि फुकटच्या चिप्सवर खेळायचं एक ॲप उघडलं. मोबाइलच्या दुकानातला मित्र येऊन हसला, "आता कायले खेळून रायला बे, चिचोक्यावर?" फुकटच्या टेबलवर कोणी नीट खेळत नाही. जायचं काहीच नसतं, म्हणून प्रत्येक जण प्रत्येक डावात उडी मारतो. त्या गर्दीत दादा एकटा पानं टाकत बसायचा. तेच तास, तेच नियम. मी विचारलं, याचा उपयोग काय. तो म्हणाला, "आता कोनी पाहून नाही रायलं, पैसा बी नाही. आता टाकले पानं तं खरं." नंतर थंडीला सुरुवात झाल्यावर एकदा बोलता बोलता म्हणाला, "पर काहीच लावलं नाही तं डाव कायचा? थोडं दुखत असंल तरी बसून पाह्यतो मी आता. दुखण्यानं हात हलते का नाही हलत, ते पाह्यतो." ते त्यानं हसत सांगितलं, आणि मीही हसले.

शेवटची बैठक एका साध्या दुपारी झाली. बाहेर ऊन होतं, मळणी होऊन आलेले धानाचे कट्टे अंगणात रचलेले होते, मोठीआई त्यांच्यावर ताडपत्री ओढत होती. थंडीमुळे कूलर कधीचा झाकून ठेवलेला होता. दादा ताठ बसला होता. बाह्या ओढत नव्हता, गुडघा हलत नव्हता. समोर कोणीतरी अगदी वेड्यासारखं खेळून त्याचे दोन मोठे डाव नेले. तो फक्त "चांगलं खेळला" म्हणाला आणि पुढची पानं टाकली. दिवे लागायच्या थोडं आधी त्यानं मोबाइल पालथा ठेवला आणि खुर्चीचे हात धरून सावकाश उठला. "पाह्यलं? आज तुही गरजच नाही पडली," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग मला अभ्यास करता येईल." त्या रात्री मी तिथेच राहिले, कारण सकाळी लवकर क्लास होता.

पहाटे मोठीआईनं मला उठवलं तेव्हा त्याला श्वास घेता येत नव्हता. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि विचारलं, दुखायला कधी लागलं. मोठीआई म्हणाली, आत्ता, पहाटे. दादानं नाही म्हणून मान हलवली. "काल सकाळपासून," तो म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, डाव संपल्यावर हातातलं पान उघडं करून दाखवतात तसं. डॉक्टरांनी इतका वेळ का थांबलात असं विचारलं. छातीतलं दुखणं वाट पाहत नाही, असं त्या डॉक्टरांनी नंतर मोठ्या बाबांना समजावून सांगितलं. मोठे बाबा "हाव, हाव" म्हणत राहिले.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बरेच लोक आले होते. वंदना सांगून भन्तेजी गेल्यावर जेवणं सुरू झाली, आणि मोठीआईच्या माहेरकडच्या एक बाई तिच्याजवळ बसून विचारपूस करत होत्या. "पोरगा काय करे, बाई?" मोठीआई म्हणाली, "काय करंल… घरीच राहे." मी वाढत होते. वरणाची बादली हातात होती. "तो पोकर खेळायचा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. बाई वळल्या. "पत्ते?" "हो," मी म्हटलं. "पत्ते. वर्षभर जिंकत होता. रोज वेळेवर बसायचा आणि वेळेवर उठायचा." मोठीआईनं माझ्याकडे पाहिलं, रागानं की कसं, ते मला समजलं नाही. मग कोणीतरी वरण मागितलं आणि मी पुढे गेले.

मी अजून कारध्याला अभ्यासाला जाते. जाऊ नको असं कोणी म्हटलं नाही. खोलीत त्याची खुर्ची आहे, बाजूला पाण्याची बाटली आहे, आणि मी माझ्या नेहमीच्या जागी बसते. मागच्या आठवड्यात जेवणं झाल्यावर मोठीआई आत आली. हात पदराला पुसले, थोडा वेळ उभी राहिली आणि मग त्या खुर्चीत बसली. मी तिला तिथं बसलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं.

"दाखव मले," ती म्हणाली. "काय करे तो."

त्याचा मोबाइल तिनंच आणला होता. मी फुकटच्या चिप्सचं ॲप उघडलं, कुठे दाबायचं ते सांगितलं. दोन पानं आली.

"हे चांगले हायत?"

"नाहीत."

"मंग?"

"टाकून द्यायचे."

तिनं बोट ठेवलं. पानं गेली. दुसरी आली, तीही वाईट होती. तिसरी, चौथी. ती प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची, मी मान हलवायची, ती टाकायची. काही वेळानं तिनं बघणं बंद केलं. रंग आणि आकडे तिला ओळखू यायला लागले होते. रोवणीच्या वेळी पाण्याकडे न बघता तिचे हात जसे चालायचे तसे चालत होते.

"एवढंच करे तो? दिसभर?"

"बहुतेक वेळ एवढंच."

"अन् चांगले आले तं?"

"तरी हरू शकतो, मोठीआई."

"मंग त्याले राग नाही ये?"

"आधी यायचा. मग येईनासा झाला."

तिनं आणखी दोन पानं टाकली. खिडकीतून पुलावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. स्क्रीनवर बाकीचे सगळे जण प्रत्येक डावात उड्या मारत होते. मग तिला दोन एक्के आले. मी म्हटलं, "हे चांगले आहेत. यापेक्षा चांगले नसतातच." तिनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. बोट वर उचललं आणि तसंच ठेवलं. प्रत्येक चालीला थोडा वेळ ठरलेला असतो, एक पट्टी हळूहळू लहान होत जाते. मी ते तिला सांगितलं नव्हतं. पट्टी संपली आणि ॲपनं आपणहून तिची पानं टाकून दिली.

"गेले?" ती म्हणाली.

"हो."

"अखीन येतीन का तसे?"

"येतील. पण फार वेळ लागतो."

"लागू दे," मोठीआई म्हणाली. तिनं खुर्ची थोडी पुढे ओढली आणि नवी आलेली दोन पानं टाकून दिली.